चाकांवरचा संसार

घर म्हटले की चार भिंती, छप्पर आणि दारावरची पाटी आपल्या डोळ्यांपुढे उभी राहते. परंतु सर्वच घरे एका जागी उभी नसतात. अमेरिकेतील महागड्या शहरांत भाडे परवडत नाही म्हणून नोकरी करणारी माणसेही मोटारगाडीतच बिऱ्हाड करून राहतात. आपल्या देशात तर गाडीलोहारांच्या कित्येक पिढ्या बैलगाडीत नांदल्या. महाराष्ट्राच्या भटक्या जमातींच्या यादीत घिसाड्यांबरोबरच गाडीलोहार व चितोडी लोहार ही नावे आहेत.

परंपरा अशी सांगते की, १५६८ मध्ये अकबराने चितोडगड जिंकला तेव्हा तेथे शस्त्रे घडविणाऱ्या या लोहारांनी शपथ घेतली. गड पुन्हा आपला होईपर्यंत तेथे परतावयाचे नाही, घरात राहावयाचे नाही, खाटेवर निजावयाचे नाही, रात्री दिवा लावावयाचा नाही आणि विहिरीचे पाणी काढण्यास दोर बाळगावयाचा नाही! गाडीवर खाट असे, पण ती उलटी ठेवलेली. गाव आले की रस्त्याच्या कडेला भट्टी पेटावयाची. पुरुष तापलेले लोखंड सांडशीत धरी आणि त्यावर घण घाली ती त्याची बायको. खुरपी, विळे, कुऱ्हाडी यांवर संसार चाले.

६ एप्रिल १९५५ रोजी पंतप्रधान पंडित नेहरू यांनी या लोहारांना समारंभपूर्वक चितोडगडात नेले. शपथ पुरी झाली. पुढे त्यांना वसविण्याचे प्रयत्नही झाले. तरीही अनेक कुटुंबे गाडीतच राहिली. यात हट्ट पाहणे अन्यायाचे होईल. एका गावाला बारमाही पुरेल एवढे लोहारकाम नसते, आणि ज्या घरापाशी काम नाही त्या घरात माणूस किती दिवस राहणार?

याच्या उलट उदाहरण त्याच वर्षी सुरू झाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाई पोलाद कारखान्यासाठी भारत व सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. कारखान्याबरोबर नगरही उभे राहिले. रुआबांधा हा त्याच नगराचा एक भाग. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेल्या कामगारांना तेथे कामाबरोबर निवासस्थान, शाळा आणि दवाखाना मिळाला. लोखंड दोघांच्याही हाती होते. एकाला काम आणि घर एकत्र मिळाले, म्हणून तो स्थिरावला. दुसऱ्याचे काम गावोगाव विखुरलेले राहिले. पुढे कारखान्यांत तयार झालेली अवजारे बाजारात आली, तेव्हा तेही काम आटले. आज दिल्ली-जयपूरसारख्या शहरांत पदपथालगत त्यांच्या गाड्या उभ्या दिसतात. चाके आहेत, पण प्रवास थांबला आहे. वस्ती आहे, पण पत्ता नाही.

पत्ता नसला की शिधापत्रिका, मतदान आणि शाळा या साऱ्याच गोष्टी दुरावतात. त्या दुरावू नयेत म्हणून काही वाटा मोकळ्या आहेत, त्या आपण जाणून घ्याव्यात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे ६ ते १४ वर्षांच्या मुलाला वयाचा दाखला नाही या कारणास्तव शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. बेघर व्यक्तीचे नाव मतदार यादीत घालण्यासाठी निवासाचा कागद लागत नाही. मतदान केंद्राच्या अधिकाऱ्याने रात्री जाऊन ती व्यक्ती तेथेच निजते याची खात्री करावयाची असते.

आपल्या गल्लीच्या तोंडाशी असे एखादे चाकांवरचे घर उभे असेल, तर विळ्याला धार लावून घेताना त्या गृहिणीला एवढे अवश्य विचारावे: “ताई, मुले शाळेत जातात का?” उत्तर ‘नाही’ असे आले, तर जवळच्या शाळेपर्यंत तिच्यासोबत जावे. मुख्याध्यापकांपुढे हा नियम सांगणारा एक शेजारी असला, तर नाव दाखल होण्याचे काम पुष्कळच सोपे होते. त्या मुलाच्या नावापुढे पत्ता लिहिण्याची वेळ येईल, तेव्हा रस्त्याचे नाव आणि जवळची खूण लिहिली तरी चालेल. त्याचे घर तेथेच आहे.