कोडला गंज चढत नाही, पाइपाला चढतो

तर मंडळी, आज जरा भांडायचं आहे. विषय एकदम रुक्ष: घरातले पाण्याचे जुने पाइप. आणि भांडण तुमच्या-माझ्यासारख्यांशीच. म्हणजे जे पुण्यात, बंगलोरात किंवा त्याहूनही लांब बसून गावाकडच्या घराला पैसे पाठवतात, त्यांच्याशी.

म्हणणं आधीच सांगून टाकतो. घरातले जीआय पाइप (लोखंडी, वरून जस्ताचा मुलामा दिलेले) तीस-चाळीस वर्षांचे झाले असतील आणि एका जागी गळायला लागले असतील, तर नुसता तेवढा तुकडा बदलू नका. सगळे बदला. घरभर. एकदाच.

आमचं घर हुपरीचं. हुपरी म्हणजे चांदी, हे कोल्हापूरकडच्या माणसाला सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, हातकणंगले तालुक्यातलं हे गाव पैंजणं-जोडवी घडवण्यावर उभं आहे. इथे चांदीचा टंच किती, हे विचारल्याशिवाय कोणी माल हातात घेत नाही. पण रोज पोटात जाणारं पाणी कशातून येतं, हे विचारणारा माणूस शोधून सापडायचा नाही! घरातला एक सांधा गळायला लागला तेव्हा मी सगळी लाइन बदलायचं काढलं, तर काका म्हणाले, “आरं, नळाला पाणी येतंय न्हवं? मग भिंती कशाला फोडायला लागलायस?”

आमच्या धंद्यातले मित्र तर काकांच्याही पुढचे. त्यांनी मला जोएल स्पॉल्स्की ऐकवला. जोएलचा २००० सालचा लेख आपल्यापैकी बऱ्याच जणांनी वाचला असेल. नेटस्केपने आपला ब्राउझर पहिल्यापासून लिहायला घेतला, त्यात वर्षं गेली आणि बाजार हातचा गेला, म्हणून चालता कोड मोडीत काढू नका, असं त्याचं सांगणं. त्यामागचं कारण असं, की कोड डिस्कवर नुसता पडून राहिला म्हणून गंजत नाही. उलट जुन्या कोडमधले बरेच बग कोणीतरी कधीतरी सोडवलेले असतात.

एकदम मान्य. पण राजेहो, पाइप गंजतो ना! अगदी शब्दशः गंजतो. जोएलचं तत्त्व इथे लावायचं, तर उलटं लावावं लागेल.

होतं काय, ते बघा. जस्ताचा थर स्वतः झिजून लोखंडाला वाचवत असतो. तो संपला की लोखंड उघडं पडतं आणि आतून गंजाच्या गाठी वाढायला लागतात. बोअरचं जड पाणी असेल तर वर क्षारांचं कवच. बाहेरून पाइप ठणठणीत, आतून भोक बारीक. आमचा अर्ध्या इंची पाइप कापला तेव्हा त्यातून करंगळी सोडा, पेन्सिलसुद्धा जाईना. काकांनी तो तुकडा उजेडाकडे धरून पाहिला. जन्मभर चांदीत भेसळ शोधलेला माणूस! म्हणाले, “ह्यातनं पाणी पीत हुतो व्हय आपण?” त्यानंतर भिंतींबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत.

आता थोडं गणित. आतला व्यास निम्मा झाला तर त्याच दाबाला पाणी निम्मं येत नाही, साधारण सहाव्या हिश्श्याएवढंच येतं. खरखरीत झालेल्या आतल्या भिंतीची अडवणूक वेगळीच. आपल्याकडे दाब मुळातच कमी. गच्चीवरची टाकी नळापेक्षा दहा फूट उंच असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. मग आपण काय करतो? प्रेशर पंप बसवतो. म्हणजे गंजक्या पाइपावर आणखी दाब! ह्याला उपाय म्हणतात का?

“गळेल तेवढं बदलू” ह्या युक्तिवादात तर दमच नाही. जीआय पाइपाच्या टोकाला आटे पाडलेले असतात. आटे पाडले की तिथली जाडी कमी होते, म्हणून पाइप बहुतेक वेळा सांध्याशीच आधी जातो. फिटर पाइप-पाना लावून जुना एल्बो फिरवतो, तो जोर पुढच्या सांध्यापर्यंत पोचतो. आज मोरीजवळचा सांधा बदलला, दोन महिन्यांनी न्हाणीघरातला रडायला लागतो. मग सफेदा, सुतळी, एम-सील आणि शेवटी सायकलची ट्यूब. आपल्याकडच्या नव्या मुलाने प्रॉडक्शनवर असं काम केलं, तर कोड रिव्ह्यूमध्ये आपण त्याला सोलून काढू!

आणि प्रश्न फक्त बादली किती वेळात भरते एवढाच नाही. नळाला पाणी काही तास येतं आणि जातं. लाइन रिकामी होताना आत ओढ तयार होते, आणि बाहेरून येणारा पाइप गटाराला लागून गेला असेल तर छिद्रातून काय आत ओढलं जातं ते सांगायला नको. त्यात कोणी नळाला थेट मोटर लावली की बघायलाच नको. शेजारच्या इचलकरंजीत २०१२ साली काविळीची मोठी साथ आली होती, पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्यामुळे. माणसं गेली त्यात. ती साथ कोणाच्या घरातल्या पाइपामुळे आली असं मी म्हणत नाही. पण घाण आत शिरायची वाट अशीच असते, आणि त्या वाटेचा शेवटचा तुकडा आपल्या मालकीचा असतो.

हा “आपल्या मालकीचा” तुकडाच आपण विसरतो. काळम्मावाडीच्या थेट पाइपलाइनसाठी कोल्हापूरकर वर्षानुवर्षं भांडले. पन्नासहून जास्त किलोमीटरच्या त्या लाइनचं पाणी नोव्हेंबर २०२३ मध्ये शहरात पोचलं. इचलकरंजीत सुळकूड योजनेसाठी मोर्चे निघाले. भांडायलाच हवं होतं. पण मीटरच्या आतल्या तीस-चाळीस फुटांसाठी मोर्चा कोणावर काढणार?

आता म्हणाल, आम्ही आरओ बसवलाय की. बसवा. तो ओट्याच्या कोपऱ्यात असतो. आई भांडी कुठल्या पाण्याने धुते? बाबा चूळ कुठल्या पाण्याने भरतात?

एक आक्षेप मात्र खरा आहे. घरात म्हातारी माणसं, त्यात तोडफोड, धूळ, दोन-चार दिवस पाणी बंद. हे कोणाला नको वाटणं साहजिक आहे. पण ह्यावर आपल्याच धंद्यातला उपाय आहे: जुनी सिस्टिम चालू ठेवून नवी शेजारी उभी करा. नवी लाइन शक्य तिथे भिंतीच्या बाहेरून फिरवा, जुनीला हात लावू नका. सगळं तयार झालं, तपासलं, की एका दिवसात कनेक्शन बदला. जुने पाइप टोकं बंद करून भिंतीतच राहू देत. तोडफोड आणि फरशी हाच ह्या कामातला मोठा खर्च, तोही बराच वाचतो.

काम काढलंत तर एवढं बघा:

१. गरम पाण्याला सीपीव्हीसी, पाइपावर आयएस १५७७८ छापलेलं. गीझरच्या लाइनला साधा यूपीव्हीसी लावू देऊ नका. गार पाण्याला यूपीव्हीसी घेणार असाल तर शिसं नसलेला मागा. पीव्हीसी पाइपांतल्या शिशाबद्दल केंद्राचे २०२१ चे नियम आहेत.

२. जुन्या घरांत अर्थिंगची तार बऱ्याचदा पाण्याच्या पाइपालाच बांधलेली असते. पाइप प्लास्टिकचा झाला की अर्थिंग गेलं! आधी वायरमनकडून वेगळं अर्थिंग करून घ्या. हे विसरू नका, गीझरचा शॉक माणूस मारतो.

३. गिलावा करायच्या आधी लाइन दाबाखाली निदान रात्रभर ठेवा, आणि टेप लावून भिंतीचे फोटो काढा. हेच तुमचं डॉक्युमेंटेशन.

४. प्रत्येक न्हाणीघराला वेगळा व्हॉल्व्ह. गच्चीवर उन्हात जाणाऱ्या पाइपाला रंग.

गणपतीला गावी जालच. पहाटे उठून पहिलं पाणी पांढऱ्या भांड्यात धरा आणि रंग बघा. मग बादली भरायला किती वेळ लागतो ते मोजा, एकदा एकच नळ सोडून आणि एकदा दुसराही सोडून. आरतीनंतर सगळे एकत्र बसतील, तेव्हा हे आकडे घरच्यांसमोर ठेवा. नव्या टीव्हीची चर्चा त्यानंतर.

असो. बरंच तोंड चालवलं. भेटू पुढच्या वीकांताला.