एसटी फुकट आहे म्हणून?

परवा आमच्याच गावातल्या एका बँकेत पासबुक भरायला गेलो होतो. रांगेत माझ्यापुढे एक आजी, श्रावणबाळचे १५०० रुपये काढायला आलेल्या. मशीनवर अंगठा ठेवला, जुळेना. परत ठेवला, नाहीच. खिडकीतला साहेब मान वर न करता म्हणाला, "आधार अपडेट करून या. चला, पुढचे."

आजी बाजूला सरकल्या. अपडेट म्हणजे काय, ते कुठे करतात, कुणी सांगितलं नाही. जन्मभर खुरपणी केलेल्या बाईच्या अंगठ्यावर रेषा राहतील कशा?

शेवटी शाखेतल्या रोजंदारीवरच्या शिपायाने त्यांना बाकावर बसवलं. ओल्या फडक्याने बोटं पुसली, कोरडी केली, पुन्हा खिडकीशी आणलं. "साहेब, मधलं बोट घेऊन बघा की." जुळलं! दोन मिनिटं लागली असतील. अंगठाच पाहिजे असं काही नसतं, दुसरं बोटही चालतं. साहेबाला हे माहीत नसेल?

मी विचारलंच. उत्तर काय, तर "स्टाफ कमी आहे हो. आणि त्यांना एसटी फुकटच आहे, आल्या असत्या परत."

पंचाहत्तरीपुढच्यांना २०२२ पासून एसटी फुकट आहे, बरोबर. पण आजींच्या गावाला दिवसातून दोनच गाड्या. सकाळच्या गाडीने यायचं, शेळ्या शेजारणीच्या भरवशावर सोडायच्या, संध्याकाळपर्यंत स्टँडवर बसायचं. हे फुकट आहे का?

स्टाफ कमी आहे हे खरंय. मी स्वतः बातम्या केल्यात त्यावर. भरतीसाठी भांडा, आम्ही सोबत येऊ. पण आजींना परत पाठवून काम कमी कसं होतं, ते मला समजावून सांगा. त्याच आजी उद्या पुन्हा त्याच रांगेत उभ्या राहणार ना?

आणि हो, त्या शिपायाचा सत्कार वगैरे कृपया करू नका. आम्ही पत्रकारही यात कमी नाही. पोलिसाने म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून दिला की 'खाकीतील माणुसकी' छापून मोकळे! शाल-श्रीफळ दिलं की ते एकट्याचं मोठेपण ठरतं आणि बाकीचे सुटतात. त्याने उपकार केले नाहीत. खिडकीतल्या माणसाचं काम त्याने केलं, तेही रोजंदारीवर.

सत्तरीपुढच्या आणि अपंग ग्राहकांना घरपोच बँकसेवा देण्याचे प्रयत्न करा, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच बँकांना सांगितलंय. आमच्या शाखेत ही सेवा कुणाला मिळते, असं शाखाधिकाऱ्यांना लेखी विचारलंय. पोच घेतलीय. उत्तर आलं की इथेच टाकतो.