टी-शर्टपुरतं योगदान नको

कोल्हारजवळ प्रवरेचा सहकारी साखर कारखाना 1950च्या सुमारास उभा राहिला तो शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर. मुक्त सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याचा कोड कुणीही पाहू आणि बदलू शकतो ते, असंच अनेकांच्या हातभारातून उभं राहतं. पण त्यात योगदान द्यायला भांडवल लागत नाही, तयारी लागते. अशा योगदानाला चालना देणाऱ्या हॅक्टोबरफेस्ट या ऑनलाइन उपक्रमात 2020 साली फुकट टी-शर्टसाठी प्रकल्पांकडे इतके फुटकळ बदल आले, की आयोजकांना नियमच बदलावे लागले! इथल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी तो रस्ता धरू नये. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं गिट शिका. प्रकल्पाची नियमावली आणि जुन्या तक्रारी वाचा. दोष आपल्या संगणकावर पुन्हा घडवून पाहा, मगच कोडला हात लावा. लिब्रेऑफिस हे कार्यालयीन कामाचं मुक्त सॉफ्टवेअर मराठीत चालतं. त्याच्या मेनूतला एखादा खटकणारा शब्द सुधारणं हेही योगदानच. पहिला बदल बहुधा परत येतो. सूचना वाचून तो पुन्हा पाठवा.