बाहुलीसारखी मुलगी

गेल्या पावसाळ्यात डिचोलीत आम्हा बायकांच्या एका बैठकीत हल्लीच्या मुलांवर चर्चा रंगली. चर्चा म्हणजे काय, तर तक्रारी. एक बाई म्हणाल्या, "माझी नात मोबाइलवर जपानी कार्टून बघते. त्यात बाहुल्या बोलतात, भांडतात, एकमेकींच्या जिवावर उठतात. असलं भुताखेतांचं घरात नको. वहिनी, तुम्ही लिहिता ना? मग लिहा याच्याविरुद्ध." मी मान डोलावली. घरी येऊन कागद पुढे घेतला, आणि लक्षात आलं की मला लिहायचंय ते त्या बाईंच्या विरुद्ध. आणि त्यांच्याही आधी माझ्याविरुद्ध.

ती मालिका मी पाहिलेली आहे. नाव 'रोझेन मेडन'. पीच-पिट या नावानं काम करणाऱ्या दोन बायकांनी २००२ पासून ही चित्रकथा काढली, आणि २००४ साली तिच्यावरून बारा भागांची मालिका झाली. पुढे आणखीही भाग आले. रोझेन नावाचा एक कारागीर सात बाहुल्या घडवतो. त्याला हवी असते एक निर्दोष मुलगी, तिचं नाव ॲलिस. प्रत्येक बाहुलीत तो 'रोझा मिस्टिका' नावाचा जीवाचा तुकडा घालतो आणि स्वतः निघून जातो. जी बाहुली बाकीच्या सहाजणींना हरवून त्यांचे तुकडे गोळा करील ती ॲलिस होणार, आणि तिलाच बापाचं दर्शन. म्हणून सख्ख्या बहिणी एकमेकींशी लढतात.

बाहुलीला एक मालक लागतो. तो किल्ली देतो, बोटात अंगठी घालून करार करतो, आणि मग बाहुली लढते ती त्याच्या अंगातल्या शक्तीवर. जुन नावाचा शाळा सोडून खोलीत कोंडून घेतलेला एक मुलगा असाच मालक होतो. त्याच्याकडे पाचवी बाहुली येते, शिंकू. आल्या आल्या ती त्याच्या थोबाडीत देते आणि चहा करायला सांगते. मालक तो, पण हुकूम हिचा! मला ते पाहून फार बरं वाटलं होतं.

आता तुम्ही म्हणाल, पन्नाशी उलटलेल्या बाईला हे कुठून सुचलं? सांगते. त्याच्यासाठीच तर लिहायला बसले आहे.

मला दोन मुली. थोरली माझ्यावर गेलेली, सावळी, अबोल. धाकटी बापावर, उजळ, नाकीडोळी नीटस. लहानपणापासून येईल तो धाकटीचा गालगुच्चा घेऊन म्हणायचा, "अगदी बाहुलीसारखी आहे हो!" थोरली तिथेच उभी असायची. तिला कुणी काही वाईट बोलत नसे. तिला कुणी काहीच बोलत नसे.

थोरलीचं लग्नाचं वय झालं आणि बघण्याचे कार्यक्रम सुरू झाले. मी मूळची सीमाभागातली, त्यामुळे स्थळं बेळगाव-निपाणीकडून यायची. आम्हा जैनांच्या पोह्यांत कांदा नसतो, बाकी कार्यक्रम सगळा तोच. एका जाणत्या बाईंनी मला सल्ला दिला, "धाकटीला त्या दिवशी घरात ठेवू नका हो. दोघी एकत्र दिसल्या की पाहुण्यांची नजर घसरते." मला तो सल्ला शहाणपणाचा वाटला. पेडण्याला माझी एक मैत्रीण राहते. पाहुणे यायचे असले की धाकटीला मी म्हापशावरून बसनं तिच्याकडे पाठवायची. बारावीतली पोर. "अभ्यासाला शांतता मिळेल," असं सांगायची. तिला खरं कारण कळत होतं. थोरलीला तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. बहीण घरात असली तर आपण उणी ठरणार, असं आईला वाटतं, हे तिला माझ्या तोंडून ऐकावंही लागलं नाही.

पेडण्याच्या त्या घरात मैत्रिणीच्या मुलाच्या कॉम्प्युटरवर धाकटीनं ही मालिका पाहिली. एकदा परत आली आणि म्हणाली, "आई, बस इथे. माझ्याबरोबर बघ." खालच्या इंग्रजी ओळी वाचत मी बसले. पाठोपाठ चार भाग पाहिले. पहिली बाहुली येते, सुइगिन्तो. काळा पोशाख, काळे पंख. तिला बापानं अर्धवटच सोडलेलं, मधलं धडच नाही. तिचा सगळा राग शिंकूवर, कारण शिंकू पूर्ण आहे. ती शिंकूचा हात उपटून काढते आणि तिला म्हणते, भंगार. हात गेल्यावर ती ताठ मानेची शिंकू कोसळते. आता मी ॲलिस कधीच होणार नाही, हेच तिचं दुःख. हात गेल्याचं दुःख त्याच्यापुढे काहीच नाही.

धाकटी पडद्याकडे बघतच म्हणाली, "ताई म्हणजे सुइगिन्तो नाही, आई. आम्ही दोघी आळीपाळीनं सुइगिन्तो असतो." मी उठून स्वयंपाकघरात गेले. सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची होती, हे निमित्त.

म्हणून म्हणते, त्या बाईंनी कार्टूनला भुताखेतांचं म्हणू नये. भूत आपल्या दिवाणखान्यात बसून पोहे खात असतं. बहिणींना लढायला लावून स्वतः निघून जाणारा रोझेन जपानात शोधायला नको. पाहुण्यांपुढे मुलगी बसवून मी परसात निघून जात होते की!

यावर लोक दोन गोष्टी म्हणतात. पहिली अशी, "बाहुलीच ती, निर्जीव. तिच्यावरून एवढं काय?" हे निदान जैन माणसानं तरी म्हणू नये. आपल्या यशोधर राजाची गोष्ट आठवा. सोमदेवसूरींनी ९५९ साली 'यशस्तिलक' पुरं केलं, आणि १२०९ मध्ये जन्नानं तीच कथा कन्नडात सांगितली. राजाची आई चंद्रमती त्याला म्हणते, देवीला बळी दे. राजा हिंसेला तयार नाही. मग तोड निघते, पिठाचा कोंबडा करू आणि तो कापू. पीठच ते, कुणाचा जीव जाणार? पण कापताना हात राजाचा होता आणि मनात मारणं होतं. तेवढ्यावर मायलेकांना जन्मामागून जन्म पशुपक्ष्यांच्या योनीत फिरावं लागलं. जन्नाच्या काव्यात तर घाव बसताच तो पिठाचा कोंबडा आरवतो! आमच्या आचार्यांना जिवंत बाहुली नवी नव्हती. समोरची वस्तू सजीव की निर्जीव, एवढ्यावर त्यांनी हिशेब संपवला नाही. मारणाऱ्याच्या मनात काय होतं, तेही विचारलं.

तोच प्रश्न मला विचारा. मी मुलीला मारलं नाही, टोचून बोलले नाही, तिचं शिक्षण थांबवलं नाही. मी फक्त एकीला बसमध्ये बसवलं आणि दुसरीला पाटावर. पिठाचाच कोंबडा कापला म्हणा ना.

दुसरी गोष्ट म्हणतात ती अशी, "जगरहाटी आहे. रूप बघितलं जाणारच." जगरहाटी काय असते, ते डिचोलीत राहून मी दरवर्षी बघते. आमच्या घरी गणपती नसतो, पण चतुर्थीच्या आधी शेजाऱ्यांबरोबर चित्रशाळेत मी हौसेनं जाते. घरोघरचे पाट तिथे आधीच पोचलेले असतात. माती ओली असते, मग रंग चढतो, शेवटी डोळे आखले जातात. ती माती आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं, तरी पाट उचलून घरी नेताना माणसं हळू चालतात. मातीला एवढं जपणारे आपण! आणि पाटावर मुलगी असली, की तिच्यासमोरच तिच्या उंचीची, रंगाची, चष्म्याच्या नंबराची चौकशी करतो. गोरेपणाचं ते प्रसिद्ध क्रीम १९७५ पासून बाजारात आहे. २०२० साली त्याच्या नावातला 'फेअर' हा शब्द काढला गेला. कंपनीलासुद्धा शब्दाची लाज वाटली. आपल्या स्थळांच्या वह्यांत 'रंग गोरा' हा रकाना अजून आहे.

रूपाच्या बाजारावरचं उत्तरही आपल्याच पोथ्यांत आहे. आम्हा दिगंबरांत मल्लिनाथ तीर्थंकर पुरुष मानतात, श्वेतांबरांत मल्ली ही राजकन्या. तो वाद मला इथे काढायचा नाही. श्वेतांबरांच्या 'ज्ञाताधर्मकथे'त गोष्ट आहे ती अशी. मिथिलेच्या या राजकन्येसाठी सहा राजे चालून येतात. ती स्वतःसारखीच हुबेहूब सोन्याची पोकळ बाहुली करवून घेते, आणि रोजच्या जेवणातला एक घास तिच्या डोक्यातल्या छिद्रातून आत टाकते. राजे येतात, बाहुलीवर भुलतात. मल्ली झाकण काढते आणि दुर्गंधीनं सगळे नाक दाबून धरतात. तुम्हाला हवी होती ती ही, असं ती त्यांना दाखवून देते. सहाही राजे पुढे दीक्षा घेतात. आमच्या दिवाणखान्यातले पाहुणे दीक्षा घेतील अशी माझी अपेक्षा नाही. त्यांनी चहा पिऊन जाताना "धाकटीचं काय करताय?" एवढं विचारलं नाही तरी पुरे.

कारण तेच झालं होतं. चौथ्या स्थळाच्या वेळी धाकटी पेडण्याला होती, पण भिंतीवरचा तिचा फोटो उतरवायचा मी विसरले. पाहुण्यांनी फोटो पाहिला आणि दोन दिवसांनी निरोप आला, धाकटीचा विचार असला तर कळवा. आम्ही नाही म्हटलं. धाकटी तर आधीच नाही म्हणाली होती. पण निरोप आला तो आलाच. थोरलीचं लग्न पुढे चांगल्या घरी झालं, नोकरीही चांगली आहे. मात्र त्या दिवसापासून दोघी एकमेकींशी माझ्यामार्फत बोलायला लागल्या. "ताईला सांग." "तिला विचार." एकीचा निरोप दुसरीला पोचवणं हे माझं काम झालं.

मालिका निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. तिच्यातल्या बाहुल्याही सगळ्या झालरीच्या झग्यातल्या, मोठ्या डोळ्यांच्या, देखण्याच आहेत. सुइगिन्तोसुद्धा. रूपाचा बाजार तिथेही मांडलेला आहेच. पण एक गोष्ट ती स्वच्छ दाखवते. शिंकू हिनाइचिगो नावाच्या बहिणीला हरवते, तरी तिचा जीवाचा तुकडा घेत नाही. नियम बापानं केलेला, पण तो पाळायचा की नाही हे ती ठरवते. आणि जुन तिचा तुटलेला हात पुन्हा जोडून देतो. तू आधीसारखी निर्दोष झालीस तरच मी किल्ली देईन, असं तो म्हणत नाही. हे माझ्या मुलीला पेडण्याच्या परक्या घरात कळलं. तिला ते माझ्या घरात कळायला हवं होतं.

एकदा दोघींना घेऊन पत्रादेवीची हद्द ओलांडून आम्ही पिंगुळीला गेलो होतो, कुडाळच्या अलीकडे. तिथल्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या पाहायला. याच कलेसाठी तिथल्या परशुराम गंगावणे यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली. बाहुलीचं बोलणं, गाणं, रडणं सगळं तिला नाचवणारा करतो. पण दोरी कुणाच्या हातात आहे हे तो लपवत नाही. खेळ संपला की बाहुली पेटीत, आणि माणूस समोर. आम्ही आया मात्र दोरी धरतो आणि म्हणतो, आमच्या हातात काय आहे, नशीब तिचं.

आपल्या हातात पुष्कळ आहे, बायांनो. कोणाच्याही मुलीला बाहुलीसारखी म्हणू नका, विशेषतः दुसरी मुलगी शेजारी उभी असताना. वहीतला रंगाचा रकाना खोडा. पाहुणे येणार असले तर घरातली सगळी माणसं घरात असू द्या, भिंतीवरचे सगळे फोटो भिंतीवर असू द्या. ज्याची नजर घसरते त्याला जिन्यापर्यंत पोचवा. आणि नात बाहुल्यांची मालिका बघत असली तर मोबाइल हिसकावून घेऊ नका, शेजारी जाऊन बसा. कदाचित तुमच्याबद्दलच चाललं असेल.

दशलक्षण पर्व संपल्यावर क्षमावाणीच्या दिवशी आम्ही सगळ्यांची क्षमा मागतो. किती वर्षं मी ती फोनवरून शंभर जणांची मागत आले, मुलींची मागायची राहिली होती. गेल्या वर्षी धाकटी घरी होती. आधी तिची मागितली, नेमक्या शब्दांत, बसचं आणि पेडण्याचं नाव घेऊन. मग थोरलीला फोन लावला. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आई, फोन तिच्याकडे दे." निरोप पोचवायला मी सवयीनं तोंड उघडलं होतं. मिटलं. फोन दिला आणि गच्चीत गेले. दोघी काय बोलल्या, ते मी विचारलेलं नाही.