आठवण भिंतीवर टांगा

"मनावर घेतलंस तर काय अशक्य आहे तुला?" हा प्रश्न मी घरी ऐकला, शाळेत ऐकला आणि नोकरीतही ऐकला. विचारणाऱ्यांचा हेतू चांगलाच असायचा. हुशार पण धांदरट, कल्पना भारी पण आरंभशूर, असा माझा लौकिक होता. चाळिशी उलटल्यावर मुलीच्या तपासणीसाठी मानसोपचारतज्ज्ञांकडे जाणं झालं. मुलीबद्दल विचारता विचारता त्या माझ्याच लहानपणात शिरल्या. काही भेटींनंतर माझ्या लौकिकाला एडीएचडी, म्हणजे अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, असं वैद्यकीय नाव मिळालं.

हा प्रकार लहान मुलांचा, मोठेपणी आपोआप जातो, अशी अनेकांची समजूत आहे. पण अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली निदानाचे निकष सुधारले, तेव्हा प्रौढांसाठी निराळी अट घातली. अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता अशा दोन गटांत नऊ-नऊ लक्षणं असतात. मुलांमध्ये एका गटातली सहा लागतात, मोठ्यांमध्ये पाच पुरतात. मात्र त्यांतली काही वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असली पाहिजेत. जगभरच्या अभ्यासांतून शंभर प्रौढांमागे दोन-तीन असा अंदाज निघतो. म्हणजे कात्रजहून शिवाजीनगरला निघालेल्या भरगच्च पीएमपीत आमच्यातला एखादा असायला हरकत नाही. आपला स्टॉप मागे गेला, हे बहुधा त्याच्या आत्ताच लक्षात आलं असेल.

रसेल बार्कली हे अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वर्षानुवर्षं सांगत आले आहेत की, काय करावं हे आम्हाला चांगलं ठाऊक असतं, पण ठाऊक असलेलं नेमक्या क्षणी हाताशी येत नाही. त्यामुळे मदत हवी ती काम घडतं त्या जागी आणि त्या वेळी. रविवारी ऐकलेल्या शिस्तीवरच्या व्याख्यानाने मंगळवारी गीझर बंद होत नाही.

नेमक्या जागी, नेमक्या माणसाला, नेमकी सूचना देणं हे पुण्याचं जुनं शास्त्र आहे. गेटसमोर गाडी लावणाऱ्याला इथे गेटवरच समज मिळते. मी ते शास्त्र घरात आणलं. बाहेरच्या दाराला आतून, कडीच्या उंचीवर पाटी आहे: "किल्ली, चष्मा, डबा. गीझर बंद केल्यासारखं वाटणे आणि गीझर बंद असणे यांत फरक आहे." पाहुणे हसतात. हसल्यामुळे मीही ती पुन्हा वाचते, हा वरचा फायदा.

पाटीचं आयुष्य मात्र थोडं. नजर सरावली की ती भिंतीत विरून जाते. आमच्या मेंदूला नवेपणा लागतो, म्हणून अधूनमधून मजकूर, रंग, जागा बदलावी लागते. एखादी पद्धत महिनाभर चालून बंद पडली की पूर्वी मला ती माझ्या स्वभावाची हार वाटायची. आता बदल करणं हाच मी सवयीचा भाग मानते. एकदा लागलेली सवय जन्मभर टिकलीच पाहिजे, ही अट कुणी घातली होती कोण जाणे.

दुसरी युक्ती आईकडून आली आहे. १९७३ साली 'कालनिर्णय' सुरू झालं आणि मराठी स्वयंपाकघरांना पंचांगाबरोबर एक वहीही मिळाली. दुधाचे खाडे, सिलिंडर लावल्याची तारीख, मावशींच्या सुट्ट्या, भिशीचा हप्ता, सगळं त्या चौकटींत पेन्सिलीने लिहिलेलं. आमच्या घराची स्मरणशक्ती एका खिळ्यावर लटकलेली होती. यात खरी ताकद होती ती एकच जागा असण्याची. सॅफ्रेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सहकाऱ्यांसह एडीएचडी असलेल्या ८६ प्रौढांवर केलेला अभ्यास २०१० साली प्रसिद्ध झाला. औषध चालू असूनही या सगळ्यांना त्रास उरला होता. निम्म्या लोकांना विचार आणि वर्तनावर काम करणारी उपचारपद्धती मिळाली, बाकीच्यांना शरीर-मन सैल सोडायची तंत्रं आणि माहिती. पहिल्या गटात सुधारणा जास्त दिसली, आणि त्यांच्या उपचाराची सुरुवात होती एक कॅलेंडर आणि एक कामांची यादी. म्हणून आता माझ्या तारखा फोनमध्ये आणि कामं एका वहीत. लग्नपत्रिकेची मागची बाजू, बिलाचा कोपरा, तळहात या शाखा बंद केल्या. सकाळच्या चहाचा कप वहीवरच ठेवलेला असतो, त्यामुळे वही समोर आल्याशिवाय चहा सुरू होत नाही.

वेळेचं दुखणं सर्वांत हट्टी. पाच मिनिटं गेली की पंचवीस, हे मला आतून कळत नाही. बालगंधर्वला नाटकाला जाणाऱ्यांना मात्र तिसऱ्या घंटेचा अर्थ कुणी शिकवावा लागत नाही. म्हणून बाहेर पडायचं असलं की फोनवर तीन आवाजांचे तीन गजर. पहिल्या घंटेला हातातलं काम आहे तिथे थांबवायचं आणि पुढची पायरी वहीत लिहायची, म्हणजे ते सोडवतं. दुसऱ्या घंटेला चपला घालायच्या. तिसऱ्या घंटेला दाराबाहेर, 'जाता जाता एवढंच' काही नाही. वेळा ठरवायच्या त्या पोचण्यापासून उलट मोजत, आणि त्यात लिफ्ट, पार्किंग आणि कर्वे रस्त्याची मर्जीही धरायची.

कंटाळवाण्या कामांसाठी सदाशिव पेठेने आणि नवी पेठेने उत्तर शोधून ठेवलंय. तिथल्या अभ्यासिकांत एमपीएससीची मुलंमुली खुर्चीला खुर्ची लावून दिवसभर वाचत बसतात. अभ्यास ज्याचा त्याने करायचा, पण शेजारचा उठत नाही म्हणून आपणही उठत नाही. एडीएचडी असलेल्या मोठ्यांमध्ये ही युक्ती जगभर लोकप्रिय आहे. शनिवारी सकाळी मी आणि एक मैत्रीण व्हिडिओ कॉल लावतो. आवाज बंद, कॅमेरा चालू. ती जीएसटीचं विवरण भरते, मी बिलं आणि विम्याचे कागद उपसते. आरंभी काय करणार ते सांगायचं, शेवटी काय झालं ते सांगायचं. मधे गप्पा मारायच्या नाहीत, हे दोघींनाही जड जातं.

झोपेबद्दल थोडं. पहाटे पाचला टेकडी चढणाऱ्यांची पुण्यात एक नैतिक आघाडी आहे. तिच्याशी स्पर्धा करू नये. एडीएचडी असलेल्या पुष्कळांचं झोपेचं चक्रच उशिराकडे सरकलेलं असतं. उठण्याची वेळ रोज तीच ठेवावी, अगदी रविवारीही, आणि उठल्यावर लवकर उजेडात जावं. टेकडी सातलाही तिथेच असते.

या सवयींनी औषधाची गरज भागेलच असं नाही. मेथिलफेनिडेट, ॲटोमॉक्सेटिन ही औषधं आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात. रक्तदाब, नाडी पाहून ती द्यायची की नाही, हे मानसोपचारतज्ज्ञ ठरवतात. मोबाइलवरची प्रश्नावली सोडवून निदान होत नाही. अपुरी झोप, थायरॉइड, नैराश्य, चिंता यांनीही माणूस असाच विसराळू होतो. सुरुवात कुठून करावी ते कळत नसेल, तर १४४१६ या क्रमांकावर सरकारची टेली मानस सेवा आहे. ती मराठीतही बोलते.

राहता राहिलं घर. बायको किंवा नवरा चालतीबोलती पाटी झाली की संसाराचा वर्ग होतो, आणि एकजण कायम बाकावर उभा. आमच्याकडे ठरलंय की आठवण तोंडी द्यायची नाही, वहीत लिहायची. लिहिलेलं काम राहिलं तर जबाबदारी माझी, न लिहिलेलं राहिलं तर चर्चा नाही. ऑफिसांनाही हे जमण्यासारखं आहे. मीटिंगमध्ये तोंडी सांगितलेलं काम दोन ओळींत लिहून पाठवायला हिंजवडीतल्या कुठल्याही कंपनीला वेगळा खर्च येणार नाही.

मुलींमध्ये एडीएचडी लवकर ओळखू येत नाही, कारण त्यांच्यात दंगा कमी आणि हरवलेपण जास्त असतं. पुढे त्यांचं लग्न होतं आणि अख्ख्या घराच्या आठवणींचं खातं त्यांच्याकडे येतं: लसीकरण, श्राद्धाची तिथी, सासऱ्यांच्या गोळ्या, वीजबिल. त्यांची तारांबळ मग सगळ्यांना दिसते, खात्याचा आकार मात्र कुणी मोजत नाही. उलट, "मला काही लिहून ठेवावं लागत नाही" असं अभिमानाने सांगणारी माणसंही आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी आपल्या बायकोला किंवा आईला एक दिवस सुट्टी द्यावी. मग त्यांनाही वही लागेल.