तीन तासांचा गेम, ४० मिनिटांत: चांगला बॅटल रिपोर्ट कसा शोधाल?

वॉरहॅमर ४०,००० हा टेबलावर छोटे रंगवलेले सैनिक मांडून खेळायचा ब्रिटिश गेम. २,००० पॉइंट्सचा एक सामना तीन तास सहज खातो. यूट्यूबवर नुसतं नाव टाकलंत, तर बरेचदा अशाच सामन्याचं न कापलेलं शूटिंग समोर येतं. डेटा संपतो, कळत काहीच नाही.

नावापुढे इंग्रजीत 'बॅटल रिपोर्ट' जोडा. सामन्याच्या व्हिडिओला हेच म्हणतात. 'प्ले ऑन टेबलटॉप'ची '४०के इन ४० मिनिट्स' ही मालिका सुरुवातीला उत्तम.

झगमगीत इफेक्ट्स म्हणजे एडिटिंग नव्हे, बरं का! पहिल्या पाच मिनिटांत दोन्हीकडचं सैन्य नीट दाखवलंय? स्कोअर स्क्रीनवर दिसतोय? कोण कुठून कुठे सरकलं, ते कळतंय? नसेल तर सोडा.

तारीखही बघाच. जून २०२३ मध्ये दहावी आवृत्ती आली आणि नियम बरेच बदलले. त्याआधीचा व्हिडिओ कितीही देखणा असला, तरी त्यावरून खेळायला शिकू नका.

गेम्स वर्कशॉप कंपनीचे स्वतःचे बॅटल रिपोर्टही आहेत. २०२१ मध्ये सुरू झालेल्या 'वॉरहॅमर प्लस'वर, पण पैसे भरून. आमच्या मते नवख्याला फुकटचे पुरेसे आहेत.