‘आंतरराष्ट्रीय’ शाळा कोणासाठी?

शिक्षणातील विषमतेला आता एक भारदस्त नाव मिळाले आहे: ‘आंतरराष्ट्रीय’. मुंबई-पुण्यातील या शाळा केंब्रिजचा, किंवा जिनिव्हात १९६८ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या संस्थेचा अभ्यासक्रम शिकवितात आणि त्यासाठी वर्षाकाठी लाखो रुपये घेतात. हे अभ्यासक्रम मुळातच वाईट आहेत असे नव्हे. घोकंपट्टीपेक्षा शोधाला, पाठ केलेल्या उत्तरापेक्षा प्रश्नाला त्यांत अधिक मान आहे. परंतु प्रश्न विचारण्याचे शिक्षण फक्त फी भरू शकणाऱ्यांच्या मुलांनाच का मिळावे?

या बाबतीत दक्षिण कोरियाचा अनुभव बोलका आहे. तेथील जेजू बेटावर शासनानेच पुढाकार घेऊन विद्यानगरी वसविली. २०११ साली लंडनच्या एका नामांकित शाळेची शाखा तेथे उघडली. माध्यम इंग्रजी आणि फी मजुराच्या आवाक्याबाहेरची. हा झाला श्रीमंतांचा मार्ग. परंतु त्याच जेजूच्या आणि देगू शहराच्या शिक्षण विभागांनी २०१९ साली बॅकलॉरिएटशी करार करून तोच अभ्यासक्रम सरकारी शाळांत आणला. त्यातील बहुतेक विषय कोरियन भाषेत शिकविण्याची सोय झाली. जेजूच्या ग्रामीण भागातील प्योसन येथील सार्वजनिक शाळेला २०२१ साली मान्यता मिळाली. जपाननेही २०१३ पासून आपल्या भाषेतून हा अभ्यासक्रम शिकविण्याचा मार्ग खुला केला. उत्तम शिक्षण म्हणजे इंग्रजी आणि उत्तम शाळा म्हणजे खासगी, ही आपल्याकडील दोन्ही समीकरणे येथे खोटी ठरतात.

महाराष्ट्रानेही हा प्रयोग आरंभिला होता. आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापून २०१८ साली १३ शाळा निवडण्यात आल्या. त्यांत शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा होती. पुढे ही संख्या ८१ वर गेली. सरकार बदलल्यावर २०२० साली मंडळ गुंडाळण्यात आले. एका सरकारने पाटी लावली, दुसऱ्याने ती उतरविली. मुलांना आणि शिक्षकांना कोणी विचारले? वर्षानुवर्षांचे शिक्षक-प्रशिक्षण आणि हक्काची आर्थिक तरतूद यांवाचून उभारलेली व्यवस्था सत्ताबदलाच्या पहिल्याच वाऱ्याने कोसळते, हाच यातील धडा होय.

ढाणकीच्या बाजूने पाहिले म्हणजे प्रश्नाचे खरे रूप दिसते. उमरखेड तालुक्यातील या बाजारपेठेभोवती पैनगंगेच्या खोऱ्यातील तांडे आणि आदिवासी वस्त्या आहेत. हंगामी कामासाठी आईबाप गाव सोडतात, तेव्हा लेकरांची शाळाही सुटते. अशा वस्त्यांना जवळच्या शाळेचाच आधार असतो. आणि २०२३ साली शासनाने काय केले? वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचे प्रस्ताव मागविले. शहरात जिनिव्हाचा अभ्यासक्रम आणि तांड्यावर असलेली शाळाही हलविण्याची भाषा: एकाच राज्यातील ही दोन शैक्षणिक धोरणे आहेत.

१८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी हेच गाऱ्हाणे मांडले होते. कर शेतकऱ्यांनी भरायचा आणि त्यातून शिक्षण वरच्या वर्गांनी घ्यायचे, हा अन्याय त्यांनी उघड केला. पुढे कोठारी आयोगाने १९६६ साली समान शाळापद्धतीची आणि शेजारशाळेची शिफारस केली. ती कागदावरच राहिली.

म्हणून कार्यकर्त्यांनी या शाळांना केवळ नाके मुरडून भागणार नाही. शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या आहेत. त्या समित्या जिवंत केल्या पाहिजेत. रिक्त पदे भरणे, शिक्षकांवरील अशैक्षणिक कामे काढणे, स्थलांतरित मुलांसाठी हंगामी वसतिगृहे चालविणे आणि मातृभाषेतून शोधक शिक्षण देणे, या मागण्या तेथून जिल्हा परिषदेपर्यंत पोहोचविल्या पाहिजेत. जगातील उत्तम ज्ञान ढाणकीच्या मुलालाही त्याच्या भाषेत आणि फीवाचून मिळाले पाहिजे. ‘आंतरराष्ट्रीय’ या शब्दाला समाजवाद्यांच्या लेखी दुसरा अर्थ नाही.